भिकाऱ्याचा वाडगा

करुण तेवढें श्रेष्ठ आणि विनोद तेवढा हलका, अशी वाटणी आम्हां अध्यापकांच्या वर्गांत फार दिवसांपासून चालत आली आहे. त्यांतून विनोद हाणामारीचा आणि चित्रपट परदेशी व थोडक्या भांडवलांत उरकलेला असला, म्हणजे सुशिक्षितानें त्याचें नांवहि घेऊं नये असा संकेत आहे. तरीहि 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' हा हाँगकाँगचा १९७८ सालचा चित्रपट आम्हीं या महिन्यांत दोनदां पाहिला. पहिल्यांदां चिरंजीवांच्या आग्रहानें. दुसऱ्यांदां कोणाच्याहि आग्रहावांचून.

त्याचें दारिद्र्य लपण्यासारखें नाहीं. त्याला बोलपट म्हणावें तर त्या काळीं तेथील चित्रपट बहुधा मुकेच टिपले जात आणि शब्द मागाहून चढविले जात. इंग्रजी आवृत्तींत पात्राचे ओठ मिटले तरी वाक्य आपलें चालूच. कथा चिंग राजवटीच्या काळांतली, पण मध्येंच झां-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराचे १९७६ सालचे विजेच्या वाद्यांवरील सूर घुमूं लागतात. आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतूनच विचारलें, "अहो, हें काय लावलंय? विमान उतरतंय कीं काय?"

आवाज उसना, संगीत उसनें, पण देह मात्र कोणाचाहि उसना नाहीं. जो पडतो तो खराच पडतो, आणि त्या पडण्याला इतका नेमका ताल असतो कीं हसूं आवरत नाहीं.

नायक अनाथ आहे. युद्धविद्येच्या एका शाळेंत तो झाडलोट करितो आणि तेथील शिक्षक त्याला ठोसे मारण्याच्या गोणीसारखा वापरितात. त्याला एक म्हातारा भिकारी भेटतो. हा भिकारी म्हणजे सर्पपद्धतीचा लपूनछपून फिरणारा आचार्य. तो पोराला जी विद्या देतो ती खेळतां खेळतां. जमिनीवर पावलांच्या खुणा काढून ठेवतो. पोरानें त्यांवर पाय टाकीत जावें. हातांत भाताचा वाडगा धरतो. पोरानें तो हिसकावून घ्यावा. वाडगा हाताशीं येतो येतो तों निसटतो, पोरगा पुनः झेपावतो, आणि कित्येक वेळां हुकल्यावर आपण शिकलों हें त्याच्या ध्यानांत येतें. शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ व्याख्यानें आम्हीं ऐकलीं, कांहीं दिलींहि. त्यांत या वाडग्याच्या तोडीचें फारसें कांहीं आठवत नाहीं.

नायकाचें काम करणारा जॅकी चॅन मात्र अशा वाडग्यानें शिकलेला नव्हता. १९६१ सालीं, सात वर्षांचा असतां, आईबापांनीं त्याला यू जिम-युएन यांच्या पेकिंग संगीतनाट्याच्या शाळेंत दहा वर्षांच्या करारावर ठेवलें. छडी, उपास आणि तासन्‌तास हातांवर उलटें उभें राहणें, हा तेथील अभ्यासक्रम त्यानें पुढें आत्मचरित्रांत लिहून ठेविला आहे. दहा वर्षें सरेपर्यंत त्या नाट्याचा प्रेक्षकच ओसरला. मग त्या शाळेचीं मुलें दुसऱ्यांच्या वतीनें पडण्यासाठीं आणि मार खाण्यासाठीं चित्रपटांत शिरलीं. हें कळल्यावर चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, छडीवांचून ही उडी आली असती का?"

आमच्या अध्यापकांच्या खोलींत हा प्रश्न वर्षांतून चारदां तरी निघतो, आणि छडीचे कैवारी नेहमीं पडद्यावर पोंचलेल्यांचींच नांवें घेतात. ज्यांचा पाय मोडला, मन मोडलें, तीं नांवें कोणाला ठाऊक असणार? उडी छडीनें आली असेल. पण वाडगा कोठून आला? मार खाऊन वाढलेल्या या मुलाला पहिलें खरें यश ज्या कथेनें मिळवून दिलें, तींतला गुरु न मारणारा होता, हें आम्हांला त्या उडीहून अधिक विलक्षण वाटतें. गुरूचें काम करणारे युएन सिउ-तिएन हे दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचे वडीलच. तेव्हां म्हाताऱ्याला पुनः पुनः उड्या मारावयास लावणारा त्यांचा मुलगाच होता. ते १९७९ च्या जानेवारींत वारले.

याच शाळेंतला दुसरा विद्यार्थी सॅमो हंग यानें १९८८ च्या 'पेंटेड फेसेस' मध्यें स्वतःच्याच गुरूची भूमिका केली, आणि ती द्वेषानें केली नाहीं. म्हणजे हिशेब आम्ही मांडतों इतका सरळ नाहींच.

शिवाय त्याच मंडळींनीं त्याच १९७८ सालीं 'ड्रंकन मास्टर' काढला. म्हातारा तोच, पोरगाहि तोच; पण येथें गुरु शिष्याला उलटा टांगून इवल्या पेल्यांनीं एका बादलींतलें पाणी दुसरींत भरावयास लावतो आणि त्याचे हाल हाल करितो. या चित्रपटानें पहिल्याहून कितीतरी अधिक पैसा मिळविला. तोहि आम्हीं घरीं लावला. चिरंजीवांना हाच अधिक आवडला. आणि कुटुंबहि या खेपेस स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन शेवटपर्यंत बसलें.