न दिसणारी खूण आणि रोजची एक गोळी

वयस्कर माणसांच्या घरात औषधांचा एक डबा असतो आणि त्या डब्याभोवती एक प्रश्न सदैव घुटमळत असतो : “आता बरे वाटते आहे, मग ही गोळी कशाला?” रक्तदाब असो वा मधुमेह, शुश्रूषा करणाऱ्याला या प्रश्नाला कधी ना कधी सामोरे जावेच लागते. आमच्या घरी तो रक्ताच्या कर्करोगाच्या निमित्ताने उभा राहिला. त्याचे उत्तर मला प्रयोगशाळेतील एका नाजूक पद्धतीने दिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे यजमान बहात्तर वर्षांचे, वर्ध्यातील निवृत्त शिक्षक. चार वर्षांपूर्वी रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या आढळल्या आणि ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ असे निदान झाले. डॉक्टरांनी इमॅटिनिब ही गोळी रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. काही महिन्यांत रक्ताचे आकडे पूर्ववत झाले. मात्र डोळ्यांभोवती सूज येई, रात्री पोटऱ्यांत गोळे येत. गोळी भरल्या पोटी घ्यायची, म्हणून एकादशीला ती टळू लागली. मग चतुर्थीला, मग प्रवासात. “रक्त तर स्वच्छ आले आहे. उगाच विष कशाला पोटात घालायचे?” असे ते म्हणत. मला भीती वाटे; पण भीती म्हणजे काही उत्तर नव्हे.

दिवाळीला आमची पुतणी आली. ती पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. काकांची कुरबूर तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “काका, तुम्ही बघता ते पेशींचे आकडे. गोळी काम करते ती त्याच्या फार आत, एका खुणेवर.”

ती खूण कोणती? आपल्या पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. काम कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे, याचा निरोप त्यांना पुष्कळदा फॉस्फेटच्या एका लहानशा जोडणीतून मिळतो. कायनेज नावाची एन्झाइमे फॉस्फेट चिकटवतात, फॉस्फेटेज ते काढून टाकतात. बहुतेक फॉस्फेट सेरिन व थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर बसते. टायरोसिनवर बसण्याचे प्रमाण निरोगी पेशीत हजारात एकाहूनही कमी. परंतु पेशीने वाढावे, विभागावे असे महत्त्वाचे निरोप याच विरळ खुणेतून जातात. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर यांना ती १९७९ मध्ये काहीशी योगायोगाने दिसली. वापरातले द्रावण जुने झाल्याने त्याची आम्लता किंचित बदलली होती. त्यामुळे एरवी थ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून जाणारा टायरोसिनचा ठिपका वेगळा उमटला.

आता ही खूण असलेली मोजकी प्रथिने हजारोंमधून वेगळी कशी काढायची? येथे प्रतिपिंडे उपयोगी पडली. पुतणीने दाखला दिला तो आमच्या जिल्ह्याचा. “काकू, हिंगणघाटला कापसाच्या हजार गाड्या रांगेत उभ्या आहेत. त्यांतल्या एखाद्याच गाडीच्या बैलाच्या शिंगांना गुलाल लावलेला आहे. फाटकावरचा माणूस शेतकरी ओळखत नाही, कापूस ओळखत नाही; ओळखतो फक्त गुलाल. आमची प्रतिपिंडे तशी.” अमेरिकेत रॉस, डेव्हिड बाल्टिमोर आणि हर्मन आयझेन यांनी १९८१ मध्ये फॉस्फेटयुक्त टायरोसिनसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम रेणूविरुद्ध अशी प्रतिपिंडे तयार केली.

आजही पद्धत साधारण तीच आहे. पेशी बर्फावर ठेवून फोडतात. फॉस्फेटेजनी खूण पुसून टाकू नये म्हणून व्हॅनाडेटसारखे द्रव्य घालतात. प्रतिपिंडे सूक्ष्म मण्यांना पक्की जोडलेली असतात. मिश्रण त्या मण्यांवरून सोडले की खूण असलेली प्रथिने धरली जातात, उरलेली धुऊन निघतात. शेवटी फेनिल फॉस्फेट ओततात. त्याचा आकार खुणेसारखाच असल्याने प्रतिपिंडे त्याला धरतात आणि प्रथिने मोकळी होतात.

प्रतिपिंडांची ही ओळखशक्ती वर्धा जिल्ह्याला परकी नाही. हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री रक्त घ्यायला येणारे कर्मचारी जुन्या मंडळींना आठवत असतील. त्या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात अधिक दिसतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंड व प्रतिजन यांच्या याच नात्यावर हत्तीरोग आणि क्षयरोग यांच्या रक्तचाचण्या विकसित करण्यासाठी अनेक वर्षे काम केले.

यजमानांच्या आजाराचे मूळही त्या टायरोसिनच्या खुणेत आहे. १९६० मध्ये या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसे दिसते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे कायनेज तयार होते आणि ते न थांबता टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवत राहते. बॉस्टनमध्ये थॉमस रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत असताना डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी ही खूण ओळखणारे ‘४जी१०’ हे प्रतिपिंड घडवण्यात भाग घेतला. पुढे, कोणते रसायन हे कायनेज थोपवते याचा शोध घेताना असे प्रतिपिंड त्यांच्या हाताशी होते. त्यातून निवडले गेलेले औषध म्हणजे इमॅटिनिब. रुग्णांवरील पहिली चाचणी १९९८ मध्ये सुरू झाली आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. तेव्हा त्या कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय बनावटीच्या औषधाचा ८ ते १० हजार रुपये असल्याचे वृत्तपत्रांतून येत असे. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

यजमानांनी सारे ऐकले आणि विचारले, “म्हणजे गोळी ते कायनेज मारत नाही?”

“नाही काका, अडवून धरते. औषधाचे रक्तातले प्रमाण साधारण १८ तासांत निम्म्यावर येते. म्हणून रोज.”

मग तिने लंडनमधील ८७ रुग्णांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला. ज्यांनी सांगितलेल्या मात्रेच्या ९० टक्क्यांहून अधिक औषध घेतले, त्यांच्यात सहा वर्षांत रोग खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होती. इतरांत ती सुमारे २८ टक्केच. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या. दोन एकादशा आणि एक संकष्टी! यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता उपवासाच्या दिवशी गोळी भगर-आमटीच्या फराळानंतर घेतली जाते. सूज आणि पोटऱ्यांतील गोळे यांविषयी आम्ही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितले; त्यांवर उपाय निघाले. दुसरे कोणतेही औषध, मग ते काढा का असेना, आम्ही त्यांना विचारूनच घेतो. साध्या रक्ततपासणीबरोबर डॉक्टर सांगतील त्या मुदतीने बीसीआर-एबीएलची पीसीआर चाचणीही करून घेतो, कारण पेशींचे आकडे सामान्य असतानाही ही चाचणी रोगाचा लपलेला अंश दाखवते. दीर्घकाळ अत्युत्तम प्रतिसाद असलेल्या काही रुग्णांची गोळी थांबवता येते. पण तो निर्णय डॉक्टरांनी या चाचणीवर करडी नजर ठेवून घ्यायचा असतो, कारण त्यांतील जवळपास निम्म्यांत रोग पुन्हा डोके वर काढतो.

आपल्या घरातील आजार वेगळा असेल, गोळीही वेगळी असेल. तरी “बरे वाटते आहे, मग कशाला?” असे कोणी विचारले, तर त्याला गप्प करू नका. ती गोळी शरीरात नेमके कोठे आणि किती वेळ काम करते, हे डॉक्टरांना विचारा आणि समजले ते त्यांना समजावून सांगा. आमच्या यजमानांना गोळीची वेळ आता मला सांगावी लागत नाही.