दोन टोप्यांचा खेळाडू

मुलांनो, क्रिकेटचे वेड असलेल्या मुलाला मोठेपणी काय करणार असे विचारले, तर तो छाती काढून सांगतो, "देशाकडून कसोटी सामना खेळणार." पण ज्याचा देश कसोटी सामने खेळतच नाही, त्याने काय करावे? आयर्लंडचा डावखुरा फलंदाज एड जॉईस याच्यापुढे हाच प्रश्न होता.

जॉईसचा जन्म १९७८ साली डब्लिन शहरात झाला. घरात सगळेच क्रिकेट खेळणारे. त्याच्या जुळ्या बहिणी, इसोबेल आणि सिसिलिया, याही पुढे आयर्लंडच्या महिला संघातून खेळल्या. परंतु त्या काळी आयर्लंडमध्ये केवळ क्रिकेटवर पोट भरणे कठीण होते. म्हणून जॉईस समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला आणि मिडलसेक्स या कौंटी संघाचा व्यावसायिक खेळाडू झाला.

२००५ साली आयर्लंडने प्रथमच विश्वचषक स्पर्धेसाठी पात्रता मिळवली. त्यात जॉईसच्या बॅटचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी इंग्लंडमधील वास्तव्याच्या नियमानुसार तो इंग्लंडकडून खेळण्यासही पात्र ठरला आणि त्याने इंग्लंडची वाट धरली.

१३ जून २००६ रोजी आयर्लंडचा पहिला अधिकृत एकदिवसीय सामना बेलफास्ट येथे झाला. समोर संघ होता इंग्लंडचा! त्या दिवशी इंग्लंडकडून एड जॉईसने पदार्पण केले आणि आयर्लंडकडून त्याचा सख्खा भाऊ डॉमिनिक याने. त्यांच्या आईवडिलांनी कोणाच्या धावेवर टाळी वाजवली असेल, हे मला अजून सांगता येत नाही. तुम्हांला सुचते का पाहा.

२००७ च्या फेब्रुवारीत जॉईसने सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०७ धावा काढल्या. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडिजमध्ये विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. तेथे आयर्लंडने पाकिस्तानला हरवले. त्या विजयाच्या वेळी जॉईस इंग्लंडच्या संघात होता. पुढे हे दोन संघ गयानात समोरासमोर आले, तेव्हा आयर्लंडचा उंच गोलंदाज बॉयड रँकिन याने त्याचा त्रिफळा उडवला. धाव एक!

"बरे झाले! देश सोडणाऱ्याचे असेच होते," असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. भिवंडीच्या आमच्या वर्गात मी मुलांना "तुमचे गाव कोणते?" असे विचारतो, तेव्हा काही मुले क्षणभर घुटमळतात. मग आधी आझमगड म्हणतात, नंतर भिवंडी. दोन्ही उत्तरे खरीच असतात. वडील यंत्रमागावर कामाला आले म्हणून कोणी त्यांना दगाबाज म्हणत नाही. दोष द्यायचा तर नियमाला द्यावा. त्या वेळी छोट्या संघातून मोठ्या संघात लगेच जाता येई. परत यायचे तर चार वर्षे थांबावे लागे.

जॉईसने परत यायचे ठरवले. चार वर्षांना थोडे दिवस कमी पडत होते. पण त्याला सवलत मिळाली आणि २०११ च्या विश्वचषकात तो आयर्लंडच्या हिरव्या पोशाखात दिसला. २ मार्चला बंगळूर येथे इंग्लंडने ३२७ धावा केल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. वसतिगृहातले अर्धे विद्यार्थी टीव्हीसमोरून उठून गेले होते. ते हळहळत परत आले, कारण केविन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकले आणि आयर्लंडने तीन गडी राखून सामना जिंकला! जॉईसच्या धावा ३२ होत्या. त्या फारशा कोणाच्या लक्षात नाहीत.

कसोटी सामना मात्र राहिलाच होता. इंग्लंडकडून तो एकही कसोटी खेळला नव्हता. २०१७ साली आयर्लंडला कसोटी खेळणाऱ्या देशांत स्थान मिळाले. मे २०१८ मध्ये डब्लिनजवळच्या मॅलाहाइड येथे पाकिस्तानविरुद्ध आयर्लंडची पहिली कसोटी ठरली. पहिला दिवस पावसात वाहून गेला. जॉईसचे वय तेव्हा ३९ होते. पहिल्या डावात त्याने ४ धावा केल्या. दुसऱ्या डावात चांगला जम बसला असताना तो ४३ धावांवर धावबाद झाला. त्याच महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली.

या सामन्यात आयर्लंडचा पहिला कसोटी बळी घेतला तो बॉयड रँकिनने. मधल्या काळात तोही इंग्लंडकडून एक कसोटी खेळून घरी परतला होता.