उसाच्या गावची उपाशी माशी

साखरेच्या मुलखात मधमाशी उपाशी मरते, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी रसवंतीवर नेऊन दोन ग्लास रस पाजला असता. पण हे ज्ञान मला करमाळा तालुक्यात, उजनीच्या काठावर, मामांच्या घरी झालं. तेही बोट सुजवून. माझ्या ग्लासात सातेरी माशी होती आणि ती आधी आली होती.

"मामा, तुमच्या पेटीतल्या माश्यांना वळण नाही!"

"वळण हाय. फुलं न्हाईत," मामा म्हणाले.

आजूबाजूला नजर पोचेल तिथवर ऊस. पण ऊस पडला गवताच्या जातीचा. त्याच्या तुऱ्याचं काम वारा करतो, आणि वाऱ्याला मजुरी लागत नाही. म्हणून तुऱ्यात मकरंद नाही. शिवाय बराचसा ऊस तुरा येण्याआधीच कारखान्याला जातो.

बांधावर एकच करंज. 1980 साली धरण पुरं झालं, त्याआधी गाव उठताना मामांनी जुन्या गावातून त्याचं रोप आणलं होतं. तिथली चिंचबाग पाण्यात गेली. आता मामेभावाला करंज तोडायचा होता, कारण त्याच्या सावलीत उसाच्या दोन सऱ्या खुरटतात.

एप्रिलमधल्या सकाळी मामांनी मला झाडाखाली उभं केलं. अख्खं झाड गुणगुणत होतं! करंजाचं फूल काही उघडं दुकान नव्हे. माशीला पाकळी दाबून आत शिरावं लागतं, तेव्हा कुठे थेंबभर मकरंद मिळतो. त्यातही निम्म्याहून जास्त पाणी. पाऊस झाला की तो आणखी पातळ, उन्हाळी वारा सुटला की घट्ट. घरी नेऊन पंखांनी वारा घालत, पाणी साधारण वीस टक्क्यांवर आलं की त्याचा मध. (आमच्या दूधवाल्याचा धंदा बरोबर उलटा.) कुठलं फूल कितीला रस देतं, ती वेळही माशी लक्षात ठेवते. झाड सापडलं की पोळ्यावर नाचून सूर्यापासूनची दिशा आणि अंतर सांगते. हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं.

हे सगळं मी मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "आमच्यात पत्ता सांगूनबी पाव्हणा चुकतोय."

तेवढ्यात मामेभाऊ लाकूडतोड्याला घेऊन आला. त्यानं वर पाहिलं, कान दिला आणि कुऱ्हाड पुन्हा पोत्यात गुंडाळली.

"फुलं झडल्यावर येतो."

"ये की," मामा म्हणाले, "पर तवा पाऊस लागंल. वल्लं लाकूड कोण घेतंय?"

यंदाही त्या दोन सऱ्या खुरट्याच आहेत.