हरभऱ्याएवढी गाठ

अंगावर उगवणाऱ्या गोष्टींना आपल्या भाषेत नावांची वाण नाही. तीळ, मस, चामखीळ, पुळी, गळू, करट, आवाळू, कुरूप. प्रत्येकाचे रूप वेगळे आणि प्रत्येकावरचा घरगुती इलाजही ठरलेला. नाव सापडले की माणूस निम्मा निर्धास्त होतो. जिला नाव सापडत नाही, ती गोष्ट मात्र रात्रीची झोप घालवते.

गेल्या वर्षी आमच्या घरात अशीच एक बिननावाची गोष्ट उगवली. आई सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागांत मजुरीला जाते. छाटणीच्या दिवसांत तिच्या उजव्या तर्जनीत काटा मोडला. काटा निघाला, जखम मिटली; पण आठ-दहा दिवसांनी त्याच जागी जोंधळ्याएवढा लाल ठिपका वर आला आणि तीन आठवड्यांत तो हरभऱ्याएवढा झाला. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, ओलसर, चकचकीत. दुखत फारसा नव्हता. पण जरासा धक्का लागला की रक्त थांबता थांबत नसे. एके सकाळी भाकरी थापताना परातीतले पीठ लाल झाले. आईने ते बाजूला काढले, बोटाला चिंधी गुंडाळली आणि मुकाट्याने दुसरे पीठ मळायला घेतले.

आजी म्हणाली, घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, आपोआप गळून पडेल. शेजारच्या काकूंनी बिब्बा सुचविला, कुणी चुना. मामा आले, त्यांनी बोट पाहिले आणि मला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाले, "लई झपाट्यानं वाढतीया, पोरी." त्यांच्या मनातला शब्द घरात कुणीच उच्चारला नाही. त्या शब्दाने आमच्याच गल्लीतले एक घर बसवले होते.

आई मात्र मलाच विचारी, "आगं, तू कालेजात जातीस, ह्ये काय आसंल?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझा विषय मराठी आहे, हे सांगून उपयोग नव्हता. तिच्या लेखी शिकणे म्हणजे सगळेच शिकणे. हजेरी बुडते म्हणून ती दवाखान्याला तयार नव्हती. शेवटी वडिलांनी तिच्या वाटच्या कामावर जायचे ठरवले आणि मी तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्न विचारले. किती दिवसांपासून? काटा लागला होता का? रक्त येते का? मग भिंगातून पाहून त्यांनी मलाही दाखवले. गाठ बारीक देठावर उभी होती आणि तिच्या बुडाशी पांढुरक्या कातडीची कडी होती, सदऱ्याच्या कॉलरसारखी. त्या म्हणाल्या, ही बहुधा रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे. बारीक इजेनंतर, कधी काही कारण नसतानाही, केशवाहिन्या भराभर वाढून त्यांचा झुबका होतो. मुले, तरुण माणसे आणि गरोदर स्त्रिया यांच्यात ती जास्त दिसते. बोटांवर, ओठांवर, चेहऱ्यावर. गरोदरपणात हिरडीवर आली तर बाळंतपणानंतर ती पुष्कळदा आपोआप आक्रसते. रक्त आले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न सोडता दाबून धरायचे.

बोट बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन त्यांनी गाठ देठापासून खरवडून काढली आणि बूड विजेच्या उपकरणाने जाळले. आईने मान फिरवली होती, पण हात हलवला नाही. काढलेली गाठ मात्र टाकून दिली नाही. बाटलीत घालून ती प्रयोगशाळेत पाठवली. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "एक कर्करोग अगदी असाच दिसू शकतो. क्वचितच, पण दिसतो. डोळ्यांना ओळख पटते, खात्री सूक्ष्मदर्शकच देतो." केस बांधण्यातला आणि बिब्ब्यातला धोका तेव्हा माझ्या ध्यानात आला. बिब्ब्याचे तेल कातडी भाजते हे तर खरेच; पण जे गळून उकिरड्यावर पडते, त्याची तपासणी कोण करणार?

अहवाल आला तो इंग्रजीत. वडील, मामा, आजी माझ्याभोवती बसले. मी दोनदा वाचले. शेवटच्या ओळीत कर्करोग नसल्याचे स्पष्ट लिहिले होते. "न्हाई ते," एवढेच मी म्हणाले. आजीने भिंतीवरच्या विठोबाला हात जोडले. आईने विचारले, "मग नाव काय म्हनं त्याचं?"

नाव होते पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. ग्रंथालयात शोधल्यावर मला गंमत वाटली. 1897 साली पोन्से आणि दोर या फ्रेंच वैद्यांनी या गाठीचे वर्णन केले, तेव्हा त्यांना ती बुरशीमुळे होते असे वाटले. 1904 मध्ये हार्टझेल या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने दिलेल्या नावावरून आजचे नाव रूढ झाले. त्याचा अर्थ साधारण 'पू करणारी गाठ' असा. प्रत्यक्षात तिच्यामागे पू नाही, आणि त्या अर्थाचा ग्रॅन्युलोमाही नाही. 1980 मध्ये केशवाहिन्यांच्या रचनेवरून अधिक नेमके नाव सुचविले गेले. तरी जुनेच तोंडी राहिले. म्हणजे विद्वानांचीही नावे चुकतात. फरक एवढाच की ते नाव दिल्यावरही तपासत राहतात.

आईचे बोट तीन आठवड्यांत भरले. अशी गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून मी अधूनमधून ते पाहते. बागेतल्या बायका आता आपापली बोटे मला दाखवतात. मी नाव सांगत नाही. थोड्याच आठवड्यांत वाढली असेल आणि टेकताच रक्त येत असेल, तर बांधू नका, जाळू नका, दाखवून घ्या, एवढेच सांगते. परवा त्यांतल्या दोघी एसटीने रुग्णालयात जाऊन आल्या.