मुरलेला रोग

२०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला, तेव्हां ‘रोग सौम्य झाला; आतां साथ सरून तो पडशासारखा कायमचा मुरणार,’ असें आमचे स्नेही समाधानानें म्हणूं लागले. मला मात्र देवीची आठवण झाली. देवी या देशांत शतकानुशतकें मुरलेल्याच होत्या. तरी त्या सौम्य झाल्या नाहींत. १९७५ सालीं लशीच्या बळावर त्यांना हुसकून लावावें लागलें. ओमिक्रॉनच्या सौम्यपणाचें श्रेयही बरेंचसें आपल्या अंगच्या प्रतिकारशक्तीकडे जातें. २०२२ च्या आरंभीं हाँगकाँगांत त्याच विषाणूनें हजारों वृद्ध दगावले. बहुतेकांनीं लस पुरती घेतलेली नव्हती. रोग मुरला म्हणजे त्याचा चढउतार अंदाजांत येतो, इतकेंच. अपाय टळतो असें नाहीं. बिऱ्हाडकरू जुना झाला, म्हणून कांहीं तो सज्जन ठरत नाहीं.