दूधसागरच्या पायथ्याशी एक दिवस

दुकानदार माणसाला सहलीचा बेत आखावयास सांगितला की तो आधी हिशेब मांडतो. आमचेही तसेच झाले. दिवाळीत घरातील तरुण मंडळींनी टुमणे लावले, की या वेळी देवदर्शनाची यात्रा नको. जंगल हवे, जीपमधून दगडधोंड्यांची वाट हवी, धबधब्याखाली पोहणे हवे आणि रात्री आपल्या घरी परत यावयाचे. बेळगावकरांना असे ठिकाण शोधण्यास लांब जावे लागत नाही. खानापूर, रामनगर मागे टाकून अनमोड घाट उतरला की गोव्याच्या हद्दीत मोले लागते. अंतर सुमारे ९० किलोमीटर. तेथून पाच-सहा किलोमीटरवर कुळे, आणि कुळ्याहून जंगलातून जीपने दूधसागर.

बेत ठरता ठरता अडला तो एकाच शब्दापाशी : पोहणे.

आमच्या घरात पोहणे हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. १९७५च्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या आमच्या मूळ गावी धाकटे काका नदीत बुडाले. वय १६, आणि गावात त्यांच्यासारखा पट्टीचा पोहणारा दुसरा नव्हता. तेव्हापासून वडिलांनी घरातील कोणत्याही मुलाला पाण्यात उतरू दिले नाही. मीही पन्नाशी ओलांडली, तरी मला पोहता येत नाही. पुढच्या पिढीने मात्र शहरातील तलावावर शुल्क भरून ही विद्या शिकून घेतली, आणि आम्ही ती शिकू दिली. पण थोरल्या आत्या, ज्यांना घरात सारे आक्का म्हणतात, त्या कधी तो तलाव पाहावयासही गेल्या नाहीत. बुडालेले काका त्यांच्या पाठचे.

बेत कानी जाताच आक्का म्हणाल्या, "गाळल्याशिवाय आपण घोटभर पाणी पीत नाही, आणि त्याच पाण्यात उड्या मारायच्या?" मुलांना वाटले, हा धर्माचा प्रश्न आहे, म्हणून त्यांनी साबण नाही, तेल नाही, अर्ध्या तासाहून अधिक नाही असे नियम कबूल केले. खरा प्रश्न कोणता होता, हे मोठ्यांना ठाऊक होते. दोन दिवसांनी आक्कांनी स्वतःच सांगितले, "मी येते. काठावर बसेन. मुलांचे पट्टे मी बांधेन." त्या दिवसापासून साऱ्या नियोजनाला निराळीच धार आली.

पहिला विचार तिथीचा. दूधसागरची जीपवाट पावसाळ्यात बंद असते. ओढ्यांना उतार राहत नाही. साधारण ऑक्टोबरच्या आसपास ती उघडते, आणि त्या दिवसांत धबधबाही भरलेला असतो, म्हणून गर्दी तेव्हाच उसळते. आम्ही तो मोह टाळला, कारण परतीचा पाऊस. वर घाटमाथ्यावर दुपारी ढग फुटला तर खाली ऊन असतानाही पाणी चढते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी येथे मुसळधार पावसाने नदी फुगली, ओलांडण्याचा तारांचा पूल कोसळला आणि ४०हून अधिक पर्यटक पलीकडे अडकले. जीवरक्षकांनी त्यांना बाहेर काढले. म्हणून कार्तिकातील अष्टाह्निका पर्व आटोपल्यावर, मार्गशीर्षातील एक दिवस निवडला. अष्टमी-चतुर्दशी नको, कारण त्या दिवशी घरात दोघांचा उपवास असतो. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टीही नको. पेठेच्या सुट्टीची वाट न पाहता एक दिवस दुकान पुतण्याच्या मित्रावर सोपविले. व्यापाऱ्याला हा निर्णय सर्वांत जड गेला, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुसरा विचार वेळेचा. इतर लोक सहलीचा दिवस सकाळपासून मोजतात. आम्ही तो सूर्यास्तापासून उलटा मोजला. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आक्का मावळण्याआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, अन्न वर्ज्य करतात. म्हणजे जेवण पाचला आटोपले पाहिजे. त्यासाठी चारपर्यंत मोल्यास परत, तीनच्या आत जंगलाबाहेर, दोनच्या आत पाण्याबाहेर. असे मागे मागे येत पहाटे साडेचारला बेळगाव सोडणे प्राप्त झाले. मुलांनी कुरकुर केली, परंतु याच हिशेबामुळे आम्ही कुळ्याच्या खिडकीपाशी रांग वाढण्यापूर्वी पोचलो.

शिदोरी घरचीच. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसूण न घालता केलेले भडंग आणि बेळगावचा कुंदा. उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांत, कारण अभयारण्यात प्लास्टिक नेऊ नये. जंगलात शिदोरी उघडावयाची नाही, हेही आधीच ठरविले होते. तेथील माकडे पिशव्या हिसकावण्यात तरबेज आहेत. कित्येक प्रवासी त्यांना कौतुकाने बिस्किटे टाकतात. ही जीवदया नव्हे. त्यामुळे ती बिचारी माणसांवर झडप घालावयास शिकली आहेत.

घाट उतरता उतरता उजाडले. मोल्यास रस्त्याकडेला फलक दिसला : भगवान महावीर अभयारण्य. मुलांना आश्चर्य वाटले. मोल्याचे हे जंगल १९६९ साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले तेव्हा त्याला भगवान महावीरांचे नाव देण्यात आले. १९७८ साली त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान झाला. उद्यान धरून एकूण क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर. गवा, बिबट्या, शेकरू, नागराज अशांचे हे घर. अहिंसेची शिकवण देणाऱ्याच्या नावाने एवढे अभय दिले गेले आहे, ही गोष्ट आपल्यातील किती जणांना ठाऊक असेल? आक्कांनी गाडीतूनच हात जोडले.

आपले वाहन कुळ्यास ठेवावे लागते. पुढे परवानगी असलेल्या जीपाच जातात, एका जीपमध्ये सात प्रवासी. आम्ही १३, म्हणजे दोन जीपा आणि एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेची हळहळ मला कुळ्यापासून धबधब्यापर्यंत वाटत राहिली. दर आणि नोंदणीची रीत वेळोवेळी बदलते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. जीपचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण परतताना त्याच जीपने यावयाचे असते आणि पाण्याजवळ थांबण्यास दीड तासाच्या आसपास वेळ मिळतो.

जीपवाट सुमारे ११-१२ किलोमीटरची, पण पाऊण ते एक तास घेते. तांबडी माती, उघडी पडलेली मुळे, चाकाएवढे धोंडे. ज्यांना पाठीचा विकार आहे त्यांनी मागच्या आडव्या बाकांवर बसू नये. चाकांच्या मधल्या आसनावर हादरे कमी बसतात. गर्भवती स्त्रियांनी तर हा प्रवास टाळावाच. वाटेत ओढे आडवे येतात. पहिल्या ओढ्याच्या काठी आमच्या चालकाने जीप उभी केली, पुढच्या जीपला पूर्ण पलीकडे जाऊ दिले, फोर-व्हील लावली आणि एकाच गिअरमध्ये, वेग न वाढविता, न घटविता पाणी कापले. पायाशी पाणी आले तेव्हा मुलांनी आरोळी ठोकली. मी त्यास विचारले, घाई का केली नाही? तो कोंकणीत म्हणाला त्याचा अर्थ असा, की पाण्यात थांबणारा आणि पाण्यात धावणारा दोघेही अडकतात. मागे बसलेल्या पुतण्याने हे ऐकले असते तर बरे झाले असते.

जीप थांबते तेथून पुढे पायवाट. दगडांवरून चढउतार करीत तरुण माणूस वीस मिनिटांत पोचतो. आक्कांना चाळीस लागली. हाती काठी होती, पायांत पकड असलेले बूट होते. बूट चढविण्यास त्यांनी घरी दोन दिवस नकार दिला होता. वळण ओलांडले आणि समोर ते शुभ्र पाणी आले.

मांडवी नदी येथे सुमारे ३१० मीटर उंचीवरून, चार टप्प्यांनी खाली उतरते. छायाचित्रांत ती एकसंध धार दिसते. प्रत्यक्षात पाणी खडकाखडकावर फुटत, पांढरे होत येते, आणि दूधसागर हे नाव कोणाला सुचवावे लागले नसेल असे वाटते. मध्यावरून रेल्वेचा पूल जातो. पोर्तुगीज काळात, १८८०च्या दशकात, मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडण्यासाठी हा मार्ग बांधला गेला. ३७ फुटांत एक फूट असा चढ असल्याने आजही गाड्यांना जादा इंजिने जोडतात. आम्ही असताना एक मालगाडी धापा टाकीत गेली आणि तिच्यापुढे धबधबा काही क्षण लहान वाटला. २०१३च्या 'चेन्नई एक्सप्रेस'नंतर या पुलावर उतरण्याची हौस फार वाढली. रेल्वेने तेथे उतरण्यास व रुळांवरून चालण्यास मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे.

पायथ्याशी डोह. पाणी हिरवे, थंड, तळाचा अंदाज न देणारे. लाइफ जॅकेट सक्तीचे असते. आक्का एका सपाट खडकावर बसल्या आणि एकेका मुलाला समोर उभे करून पट्टे आवळू लागल्या. छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहणे. हनुवटीपर्यंत सरकले तर पुन्हा बांधणे. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली नव्हती. पोत्याचे तोंड बांधलेले माणूस उचलून पाहतोच.

धाकटा पुतण्या तलावावर स्पर्धा जिंकलेला. छायाचित्रासाठी त्याने जॅकेट काढू का, असे विचारले. आक्कांनी उत्तर दिले नाही, केवळ पट्टा आणखी एक बोट आवळला. पंधरा मिनिटे सारे ठीक होते. पायांना मासे टोचत होते, मुले हसत होती. मग तो धारेच्या दिशेने निघाला. काठावरून धार जवळ दिसते. तलावाचे पाणी उभे असते. हे पाणी वरून आदळते आणि पोहणाऱ्यास बाहेर लोटते, तोंडावर तुषारांचा मारा करते. तो हात मारीत होता आणि जागीच होता. थोड्या वेळाने हातही मंदावले. जीवरक्षकाची शिट्टी वाजली, दोर पडला, आणि त्याला ओढून काठाला आणले. जॅकेटने डोके वर धरले होते, एवढेच. काठावर तो थरथरत बसला. ओठ निळसर झाले होते. मी रागावणार होतो. आक्का माझ्याआधी उठल्या, आपल्या पदराने त्याचे डोके पुसले आणि म्हणाल्या, "चल, कपडे बदल." पुढे काही नाही.

दोनच्या आधी आम्ही पाण्याबाहेर होतो. वेळापत्रक पाळल्याचे समाधान त्या वेळी कोणालाही आठवले नाही.

मोल्यास रस्त्याकडेच्या झाडाखाली सतरंजी अंथरून शिदोरी उघडली तेव्हा सवाचार झाले होते. दशमीचा पहिला तुकडा मोडताना आक्का आपणहून बोलू लागल्या. काका त्या दिवशी पैज मारून नदी ओलांडावयास गेले होते. जाताना पोहत गेले. परतताना मध्यावर थांबले आणि काठावरच्यांना वाटले, थट्टा करतो आहे. अंगात निळी चड्डी होती. आक्का धुणे धूत होत्या, त्यांनी पाहिले होते. पन्नास वर्षांत हे आमच्या घरात कोणी ऐकले नव्हते. माझ्या वडिलांनाही ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पुतण्याने विचारले, "आज्जी, त्यांनी हाक मारली नाही?" त्या म्हणाल्या, "बुडणारा हाक मारत नाही बाळ. तू तरी कुठे मारलीस?"

पाचला पाच मिनिटे असताना त्यांनी चूळ भरली. जवळच तांबडी सुर्ला येथे कदंबकालीन महादेवाचे काळ्या दगडाचे देऊळ आहे, आणि फोंड्याजवळ बांदिवडे येथे जुन्या जैन बस्तीची पडकी वास्तू. दोन्ही पाहावयाचे राहिले. पोहणे आणि ही दोन ठिकाणे एका दिवसात बसवू नयेत, त्यासाठी निराळा दिवस काढावा.

घाट चढताना मुले झोपली. पुतण्या जागा होता. रामनगर मागे पडल्यावर त्याने आक्कांना हळूच विचारले, "काकांचे नाव काय होते?" आमच्या घरात ते नाव नव्या मुलाला कधी ठेवले गेले नाही. आक्कांनी ते सांगितले, आणि गाडीतल्या आम्हा मोठ्यांपैकी कोणीही खानापूर येईपर्यंत काही बोलले नाही.