नातवाचा रंगू

अमेरिकेतल्या माझ्या नातवाचा शॅमेलिऑन सरडा, आमचा रंगू, गेला. ही येमेनकडची जात. नीट सांभाळला तर नर 5 ते 8 वर्षे जगतो, मादी त्याहून कमी. रंगूची 6 भरली होती. मादागास्करचा लाबोर्ड सरडा तर 8-9 महिने अंड्यात काढतो आणि बाहेर आल्यावर 4-5 महिन्यांतच संपतो! आयुकर्म, दुसरे काय?

त्याला जिवंत रातकिडे घालायची वेळ झाली की मी तिथून उठून जायची. मला ते कधीच पटले नाही. पण एक डोळा पुढे, एक मागे फिरवत तो बोटावर चढला की माया यायचीच.

परवा फोनवर आम्ही दोघांनी णमोकार म्हटला. नातू म्हणाला, "आजी, त्याने खाल्लेल्या रातकिड्यांसाठी पण म्हणूया?"

पुन्हा म्हटला.